चोरीला गेलेले दूध

"काय चोरलं?" बाबाने विचारले.

"दूध!" गर्दी ओरडली.

"कुणी चोरलं?"

"सावलीने!"

"आणि परत कोण आणणार?"

"दूधबाबा! दूधबाबा!"

बंद पडलेल्या रंगकारखान्याच्या त्या आवारात मुंगीलाही शिरायला जागा उरली नव्हती. लोक भिंतीवर चढले होते, उलट्या पिंपांवर उभे होते, मोडक्या गाडीच्या चाकावर तोल सांभाळत होते. वर पत्रा तापला होता, खाली माती. बायकांच्या खांद्यांवर तान्ही मुले होती. काही किंचाळत होती, पण बरीचशी मान टाकून निपचित पडली होती, आणि जी निपचित होती त्यांच्या आया सर्वांत जास्त समाधानी दिसत होत्या.

मधोमध टेबल, टेबलावर पांढरे फडके, फडक्यावर काचेचा पेला आणि पेल्यात नितळ पाणी. बाबा धिप्पाड होता. दाढी नुकतीच धुतलेली, आवाज असा की त्याने पूर्वी केस वाढवायचे तेल विकले असावे. शब्द विकणे हे त्याहून सोपे काम आहे, कारण डोक्यावर केस उगवले की नाही हे तरी लोक बघतात.

"या, माय, पुढे या. भिऊ नका. मी काही करत नाही, मी कोण करणारा? तुमच्याच श्वासात आहे सगळं. सावली बाळाचं दूध पिते आणि आईच्या छातीत लपते. फुंका! तिला बाहेर काढा!"

पुढे आलेली बाई अगदी तरुण होती. बाबाने तिच्या हातात काचेची नळी दिली. तिने नळीचे टोक पाण्यात बुडवून फुंकर मारली. बुडबुडे आले. पुन्हा फुंकर, पुन्हा बुडबुडे. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी गढुळले, पांढरट झाले, आणि मग चक्क दुधासारखे पांढरे झाले.

गर्दीतून एक लांब सुस्कारा उठला. कुणी हात जोडले, कुणी रडू लागले. बाबाने पेला झटकन उचलून फडक्याखाली झाकला. त्याच्या मागे उभा असलेला किडकिडीत चेला लगेच दुसरा पेला घेऊन पुढे आला.

"आलं परत! आता हे दूध कुणी प्यायचं नाही, त्याला सावलीचा स्पर्श झालाय. बाळाला द्यायचा तो आपला शांतीचा अर्क. सकाळ-संध्याकाळ चार थेंब. आणि नियम पाळायचे! दूध उकळायचं नाही, उकळलं की त्यातला जीव जातो. बाळाला सारखं धुवायचं नाही, सावली पाण्यातून येते. दवाखान्याची पायरी चढायची नाही. एवढं केलंत, की बाळ रडणार नाही."

आणि खरोखरच अर्क घेतलेले बाळ रडत नसे. तरीही एखादे गेलेच तर आईने कुठेतरी नियम मोडलेला असे. या हिशेबात हरणारा नेहमी दुसराच कुणीतरी होता.

या लोकांना हसण्याआधी त्या शहराचे उन्हाळे पाहायला हवेत. शहर कापडगिरणीभोवती वाढलेले. पुरुष गिरणीत आणि बायकाही गिरणीत. बाळंतपणानंतर बाई थोडी उभी राहू लागली की मागावर परत, कारण जागा दुसरीला द्यायला मुकादम टपलेलाच असे. हवा तापू लागली की तान्ह्या मुलांना जुलाब लागत. धष्टपुष्ट मूल बघता बघता सुकलेल्या फुलासारखे होई. तान्ह्यांना पुरायची नदीकाठची जागा दर उन्हाळ्यात पुढे सरके. नगरपालिका म्हणे, हवा वाईट. म्हाताऱ्या म्हणत, नजर वाईट. मग एके दिवशी दूधबाबा आला, म्हणाला, सावली वाईट, आणि ती त्याने पेल्यात दाखवली. दाखवणाऱ्यावर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

त्या दिवशी गर्दीत एक विणकरीण उभी होती, आपल्या सासूबरोबर. तिचा पहिला मुलगा मागच्या उन्हाळ्यात गेला होता. आता खांद्यावर मुलगी होती. घरात सगळे तिला छोटी म्हणत. सासूने पेल्यातले पांढरे पाणी पाहिले आणि सुनेचा दंड घट्ट धरला.

"बघितलंस? मी म्हणत नव्हते? माझ्या नातवाला असंच नेलं त्या सावलीने."

सुनेची पाळी आली तेव्हा तिनेही फुंकर मारली आणि तिच्याही पेल्यात दूध उतरले. घरी जाताना त्यांच्याकडे अर्काची बाटली होती, आणि दोघींच्या मनावरचे ओझे कितीतरी हलके झाले होते.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून खाट, कोपऱ्यात पाळणा. पाळण्याच्या दांडीला दुधाची चपटी काचेची बाटली टांगलेली, तिच्या बुचातून रबराची लांब नळी खाली आलेली आणि नळीच्या टोकाला चोखायचे बोंडले. ही बाटली म्हणजे तेव्हाची मोठी सोय होती. बोंडले तोंडात दिले की बाळ पडल्या पडल्या दूध ओढी, आणि म्हातारीचे हात स्वयंपाकाला मोकळे राहत. सासू ती बाटली रोज बाहेरून लख्ख पुसून ठेवी. छोटीचे सगळे तीच करी. सून पहाटे जाई ती दिवेलागणीला परते. नवरा गिरणीच्याच भट्टीवर कोळसा टाके.

त्या घरात नवऱ्याची मोठी बहीणही राहत असे. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवी. सगळी गल्ली तिला मास्तरीणबाई म्हणे, अर्धी आदराने आणि अर्धी चिडवून. ती शाळेतून आली तेव्हा घरात आनंदीआनंद होता. सासू हातवारे करून चमत्कार सांगत होती.

"नितळ पाणी, अगं! नितळ! आणि हिने फुंकलं तर दूध!"

मास्तरीणबाई चप्पल काढता काढता थांबली. "काचेच्या नळीने फुंकलं?"

"हो."

"आई, ती चुन्याची निवळी आहे. चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. कुणीही फुंकलं तरी ते पांढरं होतं. मी दरवर्षी मुलींना करून दाखवते."

"तुझं शाळेतलं पाणी वेगळं, ताई," भाऊ खाटेवरून म्हणाला. तो दमला होता आणि त्याला वाद नको होता. "बाबांचं वेगळं. आणि ते पाणी जाऊ दे. बघ, छोटी कशी गप्प झोपलीये. आठवडाभर या घरात कुणी डोळ्याला डोळा लावला होता का?"

हे खरे होते. छोटी गाढ झोपली होती. मास्तरीणबाईने वाकून पाहिले. बाळ इतके शांत होते की तिला ते आवडले नाही. तिने अर्काच्या बाटलीचे बूच काढून वास घेतला. उग्र, कडवट, वर साखरेचा गोडवा.

"यात काय आहे?"

"शांती," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई शाळेच्या कपाटातली निवळीची बाटली घरी घेऊन आली. तिने पेला मांडला, आईला समोर बसवले आणि फुंकर मारली. पाणी पांढरे झाले. ती विजयाने म्हणाली, "बघ! मला मूल नाही, माझ्या छातीत सावली नाही. तरी झालं की नाही?"

म्हातारीने पेला हातात घेऊन उजेडाला धरला. मग तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! तुझ्यातसुद्धा शक्ती आहे, आणि तू इतके दिवस बोलली नाहीस?"

मास्तरीणबाईने कपाळावर हात मारून घेतला. पण गोष्ट तिथे संपली नाही. शेजारणीने खिडकीतून सगळे पाहिले होते. सकाळी मास्तरीणबाई शाळेला निघाली तर दारात बायका उभ्या, खांद्यावर मुले घेऊन.

"मास्तरीणबाई, बाबांकडे फार गर्दी असते हो. आमचंही दूध आणा ना परत."

"अहो, त्यात काही नाही! नुसता चुना आहे तो!"

"असू दे चुना. तुमच्या हातचा आहे ना?"

"मुलाला जुलाब होताहेत ना? मग दवाखान्यात जा. आत्ता जा!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. एक म्हणाली, "शक्ती आहे पण द्यायची नाही," आणि सगळ्या बाबाच्या रस्त्याने निघून गेल्या. मास्तरीणबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. युक्ती कशी केली हे सांगून भागत नाही, हे तिला त्या सकाळी कळले. लोकांना युक्ती बघायचीच नव्हती. त्यांना आपले मूल जगायला हवे होते, आणि बाबा तेवढे एकच वचन देत होता.

त्यानंतर तिचे चित्त कशातच लागेना. वर्गात फळ्यावर लिहिताना हात मध्येच थांबे. संध्याकाळी घरी येताना ती पायऱ्या धावत चढे आणि आधी पाळण्यात डोकावे. छोटी दिवसेंदिवस जास्त झोपू लागली होती. दूध ओढता ओढता तिच्या तोंडातून बोंडले सुटे. जुलाब थांबल्यासारखे वाटत आणि पुन्हा सुरू होत. मास्तरीणबाई अर्क लपवून ठेवी, म्हातारी तो शोधून काढी. दोघींचे रोज खटके उडत. सून गिरणीतून येऊन दोघींच्या मध्ये छोटीला मांडीवर घेऊन बसे.

"वन्सं, तुम्ही म्हणता ते खरं असेल," एकदा ती हळूच म्हणाली. "पण मागच्या खेपेला मी काहीच केलं नव्हतं. बाबा नाही, अर्क नाही, काही नाही. तरी तो गेला ना?"

बाबा खोटा आहे एवढेच मास्तरीणबाईला ठाऊक होते. मुले का मरतात, हे तिलाही नीट ठाऊक नव्हते.

मग ती दुपार आली. शाळेत तास चालू होता. दार धाडकन उघडले आणि म्हातारी आत आली. पायांत काही नाही, केस सुटलेले, छातीशी कपड्यात गुंडाळलेली छोटी.

"अगं, ही उठत नाहीये. मी हलवलं, पाणी मारलं. उठतच नाहीये गं!"

मास्तरीणबाईने हातातला खडू तसाच टाकला. दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. दोघी भर उन्हात धावत सुटल्या. म्हातारी मागे पडे, पुन्हा पळे, आणि तोंडाने एकच म्हणत होती, "मी चारच थेंब दिले. चारच दिले होते."

डॉक्टर वयस्क, चिडका आणि सदैव दमलेला माणूस होता. त्याने बाळाला टेबलावर ठेवले, खोल गेलेल्या टाळूवर बोट फिरवले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. मग त्याने पापणी उघडली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती.

"काय पाजलंत?"

मास्तरीणबाईने अर्काची बाटली पुढे केली. डॉक्टरने एक थेंब जिभेवर घेतला आणि थुंकला.

"अफू. अफू, दारू आणि साखर. हिला झोपू द्यायचं नाही, समजलं? पाय चोळा. गालांवर ओला कपडा. श्वास मंदावला तर मला हाक मारा. आणि हे उकळून गार केलेलं पाणी, चमच्याने, जरा जरा. रडली तर रडू द्या. रडली तर बरंच."

गिरणीत निरोप गेला. सून धावत आली ती मागावरच्या कपड्यांतच, केसांत कापसाचे तंतू. तिच्या पोलक्याची छाती दुधाने भिजून चिंब झाली होती. तिघी आळीपाळीने बाळाचे तळपाय चोळत बसल्या. आई गात होती, आत्या टाळ्या वाजवत होती आणि आजी चमच्याने पाण्याचे थेंब ओठांवर सोडत होती. बराच वेळ काहीच घडले नाही. बाळाची छाती हलायची, थांबायची, आणि थांबली की तिघी आणखी जोराने पाय चोळायच्या. खिडकीतले ऊन भिंतीवर चढत गेले. आणि मग छोटीचे तोंड वेडेवाकडे झाले, कपाळाला आठ्या पडल्या आणि ती रडली. फाटक्या, चिरक्या आवाजात, पण रडली. सून भिंतीला टेकून खालीच बसली. या रडण्यासाठी तिने काय दिले नसते! आणि हेच रडणे बंद व्हावे म्हणून त्यांनी तो अर्क आणला होता.

"अफूचं कळलं," मास्तरीणबाई डॉक्टरला म्हणाली. "पण जुलाब आधीपासून होते. मागच्या वर्षी अफूही नव्हती. मग ते कशाने?"

"दूध कशातून पाजता?"

म्हातारी घरी जाऊन बाटली घेऊन आली, नेहमीप्रमाणे लख्ख पुसलेली. डॉक्टरने रबराची नळी बुचातून ओढून काढली, कात्री घेतली आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. आत बुळबुळीत पिवळट थर होता, जागोजागी दह्यासारख्या गाठी. वास असा आला की तिघींनी नाक दाबले.

"ही आतून धुताच येत नाही. कुणालाच येत नाही. उन्हाळ्यात दूध तासाभरात नासतं, आणि गवळी ते उघड्या हंड्यांतून, माशांनी घोंगावलेलं आणतो. वर विहिरीचं पाणी घालतो. ती विहीर गटाराला लागून आहे. त्या घाणीतले जंतू या नळीत वाढतात आणि प्रत्येक घोटाबरोबर पोटात जातात. मोठ्या माणसाचं पोट बिघडेल, पण एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणीच आटून जातं. अफूने आतडी झोपतात, म्हणून जुलाब थांबल्यासारखे दिसतात. मूल आतून मरतच असतं." त्याने नळी बादलीत टाकली. "आणि जिचं दूध स्वच्छ आहे ती आई दिवसभर मागावर."

सून आपल्या भिजलेल्या छातीकडे बघत होती. "दुपारी पान्हा फुटतो," ती म्हणाली. "मी फडक्याने पुसते आणि फडकं पिळून टाकते."

बादलीतल्या त्या चिरलेल्या नळीवरून म्हातारीची नजर हटत नव्हती. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारले, "म्हणजे पहिल्याला... याच बाटलीने... मीच?"

डॉक्टरने मान फिरवली. मास्तरीणबाईने आईला जवळ ओढले. सासू सुनेकडे बघेना. शेवटी सूनच उठली आणि तिने म्हातारीच्या हातावर हात ठेवला.

"आई, तुम्हाला कुठे माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं?"

छोटी वाचेल असे डॉक्टरने सांगायला आणखी काही दिवस गेले. सुनेने गिरणीत रजा मागितली. मिळाली नाही. तरीही तिने ती घेतली. बाळ अंगावर पिऊ लागले, टाळू भरू लागली. आणि सुट्टीच्या दिवशी म्हातारी स्वतः मुलीला म्हणाली, "चल त्या मेल्याकडे. तुला तो जवळ येऊ देणार नाही, मला देईल. मी त्याची जुनी भक्त."

"आई, नुसतं फुंकून उपयोग नाही. मागे बघितलंस ना? लोक मलाच बाबा करतील." मास्तरीणबाई खोलीत येरझाऱ्या घालत होती. "फुंकलं की पांढरं होतं, हे दाखवायचंच नाही. ते पांढरं म्हणजे दूध नाही, हे दाखवायचं." ती थबकली. "घरात लिंबू आहे?"

आवारात त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. गर्दी सांभाळायला हवालदार होता. पिळदार मिशा, पोट सुटलेले, आणि बाबावर पूर्ण श्रद्धा. मास्तरीणबाई आणि तिने सोबत आणलेला डॉक्टर मागच्या पिंपांपाशी उभे राहिले. म्हातारी पुढे गेली.

"या, आजीबाई!" बाबा गरजला. "नात कशी आहे?"

"आहे. बाबा, मीही आई आहे. मला फुंकू द्या."

"फुंका, माय, फुंका! आईपण कधी सरतं का?"

म्हातारीने फुंकले. पाणी पांढरे झाले. गर्दीने सुस्कारा सोडला. बाबा पेल्याला हात घालणार तेवढ्यात म्हातारीने तो छातीशी धरला, बाजूला झाली आणि मोठ्याने म्हणाली, "बायांनो, दुधात लिंबू पिळलं तर काय होतं?"

"फाटतं!" चार-पाच आवाज एकदम आले. हा काही अवघड प्रश्न नव्हता.

"मग बघा." तिने पेल्यात लिंबू पिळले. पेल्यात बारीक फेस आला आणि क्षणात पांढरेपणा नाहीसा झाला. पाणी पुन्हा नितळ. तिने पेला उंच धरला. "कुठे गेलं दूध? फाटलं नाही, गाठी नाहीत. हे कसलं दूध?"

बाबाने डोळे वटारले. "अश्रद्धा! हिच्या मनात संशय आहे, म्हणून सावलीने दूध पुन्हा ओढून नेलं! पाहिलंत? पाहिलंत संशयाचं फळ?"

गर्दी डुचमळली. कुणीतरी ओरडले, "म्हातारीला बाजूला करा!" हवालदार पुढे सरसावला. पण तोवर मास्तरीणबाई वाट काढत टेबलापाशी पोहोचली होती. तिने चेल्याच्या हातातला दुसरा पेला आणि नळी घेतली आणि ती हवालदारापुढे धरली.

"हवालदारसाहेब, तुमची तर श्रद्धा आहे ना?"

"म्हणजे काय! पूर्ण आहे."

"मग फुंका."

"मी?" हवालदाराने इकडेतिकडे पाहिले. सगळे शहर त्याच्याकडे बघत होते. त्याने मिशा बाजूला सारल्या, छाती फुगवली आणि फुंकर मारली. असे बुडबुडे त्या पेल्याने कधी पाहिले नव्हते. पाणी पांढरे झाले, आईच्या फुंकरीने होई तेवढेच पांढरे.

भिंतीवरून एक बाई ओरडली, "अगं बाई, हवालदारांचं दूध कुणी चोरलं?"

जो हशा उसळला, त्याने पत्रा थरथरला असेल. लोक पोट धरून हसत होते. हवालदार लालबुंद झाला. आधी त्याने पेल्याकडे पाहिले, मग बाबाकडे, आणि त्याच्या मिशीचे टोक थरथरू लागले. चेला मागच्या दाराकडे सरकला. त्याच्या पाठोपाठ गर्दीतले दोघे-तिघे आत शिरले आणि चुन्याच्या पाण्याचे पिंप घेऊन बाहेर आले. वर नितळ निवळी, खाली पांढरा गाळ.

"चुना!" एक गवंडी म्हणाला. "अख्ख्या गावाला चुना लावला की याने!"

मास्तरीणबाईने ते कसे होते हे तिथेच समजावून सांगितले. आपण श्वास सोडतो त्यात एक वायू असतो. तो चुन्याच्या पाण्यात मिसळला की खडूसारखी पांढरी पूड तयार होते. कुणाचाही श्वास चालतो. आईचा, बापाचा, हवालदाराचा. आंबट घातले की ती पूड विरघळून जाते. मग डॉक्टर बोलला. अर्कात अफू आहे म्हणाला, आणि त्या एका शब्दाबरोबर हसणे थांबले. बायकांनी खांद्यावरच्या निपचित मुलांकडे पाहिले. कुणी मुलाला हलवून बघू लागली.

मागच्या बाजूने एक बाई हळूहळू पुढे आली. तिचे हात रिकामे होते.

"बाबा खोटा," ती म्हणाली. "कळलं. मग माझं मूल कशाने गेलं? ते सांगा."

डॉक्टरने सांगितले. बाटली, नळी, नासलेले दूध, विहीर, माश्या. त्याचे बोलणे संपण्याआधीच कुजबुज वाढली आणि तिचा राग झाला. तो बाबावर नव्हता.

"म्हणजे आम्ही मारलं? आम्ही आमच्याच मुलांना विष पाजलं म्हणता?"

"सावली बरी होती यांच्यापेक्षा!"

एक ढेकूळ मास्तरीणबाईच्या खांद्याला लागले. तेव्हा म्हातारी टेबलावर चढली. त्या वयात ती कशी चढली कुणास ठाऊक.

"मला मारा!" ती ओरडली. "मी पाजलं. माझ्या नातवाला मी या हातांनी पाजलं. बाटली रोज पुसायची, लख्ख. आतली घाण मला दिसली नाही, कारण कुणी दाखवली नाही. मला कुणी सांगितलं असतं ना, तर मी ती नळी दातांनी तोडली असती." तिचा आवाज फुटला. "याने सांगितलं, सावली आहे. बरं वाटलं मला. माझ्याकडे दोष येत नव्हता. पण त्या बरं वाटण्यात ही नातसुद्धा जात होती. बायांनो, दोष घ्यायला मी तयार आहे. मूल द्यायला नाही."

रिकाम्या हातांची ती बाई टेबलाला डोके टेकून रडू लागली, आणि तिच्याभोवती इतर बायका गोळा झाल्या. बाबा मात्र, हवालदाराने दंड धरलेला असतानाही, "मी तर फक्त निमित्त..." असे काहीतरी पुटपुटत होता. त्याच्याकडे आता कुणाचे लक्षही नव्हते.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर तोही एक चमत्कारच होईल. बाबाला थोडी शिक्षा झाली, आणि सुटल्यावर तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसरा पेला घेऊन बसला असे म्हणतात. गल्लीतल्या काही घरांत अर्काच्या बाटल्या कित्येक महिने लपवलेल्या होत्या. गवळ्याने हंडे झाकावेत म्हणून त्याला नगरपालिकेचा दंड व्हावा लागला. गिरणीच्या बायकांनी दुपारच्या सुट्टीत फाटकाशी येऊन मुलांना पाजायची परवानगी मागितली तेव्हा मुकादम म्हणाला, "ही गिरणी आहे, पाळणाघर नाही." म्हातारीची विणकरीण सून म्हणाली, "मग माग तुम्हीच चालवा." तिच्यामागे एवढ्या बायका उभ्या राहिल्या की दुसऱ्या दिवशी फाटक उघडले. त्या उन्हाळ्यातही मुले गेली. पण कमी गेली. आणि जी गेली ती का गेली हे निदान विचारले जाऊ लागले.

एवढेच सांगायचे आहे. मूल आजारी पडले की घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे बोलणारा हवा असतो. ठाम बोलण्यावर जाऊ नका. तो दाखवतो ते आपल्या हातांनी करून बघा, दुसऱ्याला करायला लावा, आणि तो जे करू नका म्हणतो त्यात त्याचा काय फायदा आहे ते पाहा. दूध उकळा. हात धुवा. बाळ झोपलेच नाही तर चालेल, पण ते उठत नसेल तर डॉक्टरकडे पळा.

म्हातारी पुढे घरोघर हेच सांगत फिरू लागली. एकदा एका नव्या बाळंतिणीने तिला वाकून विचारले, "आजी, उकळताना तोंडाने काय म्हणायचं? काही मंत्र आहे का?"

"मंत्रबिंत्र काही नाही. चांगली उकळी येईपर्यंत थांबायचं, बस. आणि मी सांगते म्हणून ऐकू नकोस. का, ते विचार."

बाळंतीण जरा गोंधळली. मग म्हणाली, "बरं. का?"

म्हातारी तिच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.